जास्वंदीचं क्रॉसिंग केलं की पाचव्या-सहाव्या दिवशी बोंड गळतंय. मदत हवी आहे (लवकर)

औसा_रोड (9 मे, रात्री 10:40)
नमस्कार. थेट मुद्द्याचं विचारतो. दोन महिने झाले, जास्वंदीचं क्रॉसिंग करायलो. स्वतःची एक नवीन जात काढायची आहे. परागकण लावले की संध्याकाळी फूल मिटतं, मागची हिरवी गाठ दोन-तीन दिवस फुगल्यासारखी वाटते आणि पाचव्या-सहाव्या दिवशी दांड्यासकट खाली. 41 फुलं केली, एक बोंड धरलं नाही. गळ थांबवायला काय फवारू, तेवढं सांगा. झाड एकदम ठणठणीत आहे, रोग नाही, कीड नाही.

बागवान71 (9 मे, रात्री 11:05)
प्लॅनोफिक्स (गळ थांबवायचं औषध) मारा. कपाशीची पातेगळ थांबते, मिरचीची फूलगळ थांबते, तर जास्वंदीनं काय घोडं मारलंय?

कुंडीतली_मी (10 मे, सकाळी 6:50)
दादा, फोटो टाका ना. आणि कुठली जास्वंद? एकेरी की डबल? कुंडीत की जमिनीत? कुणाचे परागकण कुणाला लावले?

काळी_माती (10 मे, सकाळी 7:15)
रासायनिक फवारून फुलांची वाट लावू नका. दर पंधरा दिवसांनी जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी) द्या, गळ आपोआप थांबते. माझ्या आंब्याची थांबली.

बागवान71 (10 मे, सकाळी 7:40)
आंबा आणि जास्वंद एकच का हो? आणि तुमच्या आंब्याची गळ जीवामृतानं थांबली की वारं थांबल्यानं, कसं कळलं?

काळी_माती (10 मे, सकाळी 7:52)
तुम्ही करून बघितलंय का कधी? मग बोलू नका.

औसा_रोड (10 मे, दुपारी 2:20)
भांडू नका राव. कुंडीत आहे, गच्चीवर. दोन्ही एकेरी. प्लॅनोफिक्स मारून झालंय, प्रमाण माहीत नव्हतं म्हणून झाकणभर टाकलं. वरची पानं द्रोणासारखी वळली. तेही सांगा, सरळ होतील का.

बागवान71 (10 मे, दुपारी 2:31)
झाकणभर!! अहो ते संप्रेरक आहे, फिनाईल नाही. वळलेली पानं तशीच राहतील, नवीन फूट नीट येईल. आता पंधरा दिवस काही मारू नका.

कळीवाली (10 मे, रात्री 9:30)
भाऊ, मी जालना जिल्ह्यातली. लग्नाआधी सात हंगाम कपाशीच्या बीजोत्पादन प्लॉटवर क्रॉसिंगला जात होते. कपाशी आणि जास्वंद एकाच कुळातल्या, म्हणून विचारते. आधी हे सांगा:
किती वाजता परागकण लावता? लावल्यावर फुलावर काही झाकता का? आणि बोंड पडतं ते दांड्यावर जी बारीक गाठ असते तिथून सुटून पडतं, की कुठूनही तुटल्यासारखं?
आमच्याकडे संध्याकाळी कळी सोलायची, म्हणजे अंगठ्याच्या नखानं पाकळ्या आणि पुंकेसर सगळे काढून मधली काडी तेवढी ठेवायची आणि तिच्यावर स्ट्रॉचा तुकडा घालायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल आणून फिरवायचं. ऊन चढलं की मुकादम स्वतःच काम बंद करायचा, कारण नंतर लावलेलं धरत नाही हे त्याला पैशात कळत होतं. नखं महिनाभर हिरवीकाळी राहायची आणि रोज मिळायचा तो सांगण्यासारखा नव्हता, पण हात बसला तो बसलाच.

नांदेडचा_निवृत्त (10 मे, रात्री 10:15)
कळीवाली ताईंनी छान आठवण काढली. नवीन पिढीला माहीत नसेल म्हणून सांगतो, जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस 'एच-4' आपल्या देशात निघाला, 1970 साली, सुरतच्या संशोधन केंद्रात, डॉ. सी. टी. पटेलांनी काढला. आणि आमच्या नांदेडच्या केंद्रातून निघालेला एनएचएच-44, ज्याला शेतकरी नुसतं 'नांदेड 44' म्हणायचे, त्यानं एक जमाना गाजवला. परभणीची भेंडी 'परभणी क्रांती' तर सर्वांनी खाल्लीच असेल. शिरा पिवळ्या करणाऱ्या केवडा रोगाला दाद न देणारी. तीही याच कुळातली.

कुंडीतली_मी (10 मे, रात्री 10:22)
मग भेंडीचे परागकण जास्वंदीला लावले तर? 😄

नांदेडचा_निवृत्त (10 मे, रात्री 10:41)
नाही धरणार. परभणी क्रांती भेंडी आणि रानभेंडीच्या संकरातून निघाली, पण ती रानभेंडी भेंडीच्याच घरातली होती, म्हणजे सख्खी चुलत बहीण. जास्वंद आणि भेंडी कुळ एक असलं तरी घरं वेगळी.

औसा_रोड (11 मे, दुपारी 2:05)
भेंडी, कापूस सगळं झालं, माझं राहिलं. कळीवाली ताई, उत्तरं देतो. दुकान दीड वाजता बंद करून जेवायला घरी येतो तेव्हाच वेळ मिळतो, तेव्हा लावतो. मुंग्या-माशा येऊ नयेत म्हणून वर पॉलिथिनची पिशवी बांधतो. पडतं ते बरोबर गाठीतून. चार मात्र तुटलेली दिसली. ती आईनं सुकलेली फुलं समजून खुडली असं नंतर कळलं.

कळीवाली (11 मे, रात्री 9:10)
देवा! दीड वाजता, मे महिन्यात, लातूरच्या गच्चीवर, आणि वर पॉलिथिन? भाऊ, त्या पिशवीत हात घालून बघा एकदा. तुम्ही परागकण लावत नाही, उकडता.
गाठीतून सुटतंय म्हणजे झाड स्वतःच टाकून देतंय. आत बी धरलं नाही की झाड ते पोसत नाही. मग वरून काहीही फवारा, उपयोग शून्य. प्लॅनोफिक्सनं फार तर पोकळ बोंड चार दिवस जास्त लटकेल.
आणि 'कुणाचं कुणाला' हे अजून सांगितलं नाही तुम्ही. मादी कोण?

अॅड_खुरपं (11 मे, रात्री 11:30)
नवीन जात काढणाऱ्यांनी आधी कायदा वाचावा. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, 2001. जात नवीन हवी, इतरांपेक्षा वेगळी हवी, सगळी झाडं एकसारखी हवीत आणि पुढे लावत गेलं तरी बदलायला नको. शेतकरीही स्वतःची जात नोंदवू शकतो. झाडं-वेलींना 18 वर्षं आणि बाकी पिकांना 15 वर्षं संरक्षण मिळतं. प्राधिकरण दिल्लीला आहे. नोंदणीआधी कुणाला काडी देऊ नका.

कुंडीतली_मी (12 मे, सकाळी 7:00)
वकीलसाहेब, त्यांना अजून बी नाही धरलं, तुम्ही बारसं घालताय.

औसा_रोड (12 मे, दुपारी 2:15)
मादी म्हणजे ज्याला लावायचं ते ना? ती आपली साधी देशी लाल. तीच निवडली कारण ती मरत नाही. नर म्हणजे नर्सरीतून आणलेली मोठी पिवळी, मध्ये लाल डोळा, हायब्रीड. ही हायब्रीड आपल्या उन्हात टिकत नाही, दोन गेल्या, ही तिसरी. म्हणून म्हटलं देशीचा काटकपणा आणि हिचा रंग एकत्र आणावा. लाल आणि पिवळं मिळून केशरी येईल असा अंदाज आहे.

कळीवाली (12 मे, रात्री 9:45)
हे पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर तीन दिवस वाचले असते.
भाऊ, एक विचारते. तुमच्या आजीच्या दारातही हीच लाल जास्वंद असणार. आयुष्यात कधी तिला बोंड धरलेलं पाहिलंय? बी पडून खाली रोप उगवलेलं पाहिलंय? मी नाही पाहिलं. तिची लागण पिढ्यान्‌पिढ्या फांदी खोचूनच होत आली, कारण ती बी क्वचितच धरते. तुम्ही वांझ गाईला दोन महिने चारा घालताय.
उलट करा. पिवळी हायब्रीड मादी घ्या. तीही धरेल याची खात्री नाही, कारण काही हायब्रीड फक्त नर म्हणून चालतात, काही फक्त मादी म्हणून, काही दोन्हीही नाही. ते करूनच कळतं. आणि आता नका करू. पाऊस सरून हवा गार होईपर्यंत थांबा, ऑक्टोबरात सुरू करा.

बागवान71 (12 मे, रात्री 10:05)
ताई बरोबर आहेत. मी माझी सूचना मागे घेतो, पण तत्त्वतः प्लॅनोफिक्स वाईट नाही.

लाल_गुलाब_परळी (13 मे, सकाळी 8:20)
जास्वंदीत एवढी कटकट आहे तर गुलाब करा की. गहू पैदासकार डॉ. बी. पी. पाल फावल्या वेळात गुलाबाच्या जाती काढायचे, त्यांची 'दिल्ली प्रिन्सेस' अजून लोक लावतात. गुलाबाचं फळ डोळ्यांना दिसतं, पिकलं की नारिंगी होतं. जास्वंद फक्त गणपतीला वाहायची.

औसा_रोड (13 मे, दुपारी 2:10)
मला जास्वंदच करायची आहे. लाल + पिवळा = केशरी होईल का, याचं उत्तर कुणी दिलंच नाही.

नांदेडचा_निवृत्त (13 मे, रात्री 9:00)
रंगपेटीचा हिशोब इथे चालत नाही. ही हायब्रीड जास्वंद मुळातच अनेकांची मिसळ आहे, हवाई बेटांपासून फ्लोरिडापर्यंत लोकांनी शंभर वर्षं कशाचं कशालाही लावलंय. शिवाय तिच्यात गुणसूत्रांचे दोनच संच नाहीत, जास्त आहेत. त्यामुळे एका बोंडातल्या दहा बिया म्हणजे दहा वेगळी फुलं. केशरी येईल, मळकट गुलाबी येईल, दोन्हीकडे न दिसलेलं काहीतरी येईल. बहुतेक टाकाऊ असतात. एखादं चांगलं निघालं की त्याची फांदी लावून किंवा कलम करून वाढवायचं, बी धरून नाही. एकसारखेपणा तिथून येतो, वकीलसाहेबांनाही ते चालेल.

काळी_माती (13 मे, रात्री 9:30)
विषय निघालाच आहे तर, माझ्या जास्वंदीची नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. बोअरचं पाणी. जीवामृत चालू आहे.

बागवान71 (13 मे, रात्री 9:33)
आता कसं! लोह कमी पडतंय. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी आणि बोअरला क्षार, त्यात लोह असलं तरी मुळांना मिळत नाही. चिलेटेड फेरस द्या आणि पावसाचं पाणी साठवून वापरा. जीवामृताशी वैर नाही, पण चुनखडी काही तुमचं ऐकत नाही.

काळी_माती (13 मे, रात्री 9:50)
बरं. देऊन बघतो.

औसा_रोड (19 ऑक्टोबर, रात्री 10:10)
धागा वर आणतोय. सुरू केलं. ताई, सकाळी नेमकं काय करायचं ते एकदा सांगा. पॉलिथिन नाही बांधत आता.

कळीवाली (19 ऑक्टोबर, रात्री 10:55)
मादीचं फूल उमललं की मधला लांब दांडा बघा. त्याच्या टोकाला पाच मखमली ठिपके असतात, ते म्हणजे तोंड. खाली दांड्यावर बारीक पुड्या असतात ते पुंकेसर, ते चिमटीनं आधीच काढा म्हणजे स्वतःचं स्वतःला लागणार नाही. नराच्या पुड्या फुटून पिवळी भुकटी सुटली की ते फूलच तोडून आणा आणि पाचही ठिपक्यांवर फिरवा, भुकटी चिकटलेली दिसली पाहिजे. सकाळी नऊ-दहाच्या आत उरका. दांड्याला रंगीत दोरा बांधा. नर कोण हे दोऱ्याच्या रंगावर ठेवा, चिठ्ठी पावसात जाते. आईंना दोरा दाखवून ठेवा.
आणि देशीचे परागकणही थोडे लावून बघा, तुमची हौस आहे म्हणून. पण दुसरी एखादी हायब्रीड नर म्हणून ठेवाच.

औसा_रोड (8 नोव्हेंबर, रात्री 9:20)
हिशोब देतो. देशी लालचे परागकण (लाल दोरा) 14 फुलांना लावले, चौदाही गळाली. शेजारच्या काकूंकडच्या केशरी हायब्रीडचे (हिरवा दोरा) 10 लावले, आठ गळाली, दोन टिकली. एक आज एकोणिसाव्या दिवशी पडलं. फोडून बघितलं, आत दोन-तीन बारीक पांढरे दाणे होते, आज जेवण गेलं नाही. एक शिल्लक आहे, बोराएवढं. आई रोज सकाळी त्याला हात लावून बघते, तिला सांगून दमलो.

कुंडीतली_मी (8 नोव्हेंबर, रात्री 9:41)
आईला म्हणावं गणपतीला नंतर वाहा 🙏

लाल_गुलाब_परळी (8 नोव्हेंबर, रात्री 10:02)
म्हणजे तुमचा देशीचा काटकपणा राहिलाच की. गुलाब केला असता तर…

कळीवाली (8 नोव्हेंबर, रात्री 10:30)
राहिला, पण हरकत नाही. रोपं आली की त्यातलं आपल्या मेमध्ये जे जगेल तेच ठेवा. ऊन निवड करून देईल. बोंड पिवळसर तपकिरी होऊन टोकाला चीर पडेल तेव्हाच काढा, त्याआधी नको. दीड-दोन महिने लागतात. पातळ मलमलचं फडकं सैल बांधून ठेवा, नाहीतर तडकल्यावर बी गच्चीभर.

औसा_रोड (9 डिसेंबर, रात्री 8:15)
तडकलं. मलमलमध्येच सापडल्या. 11 बिया, त्यातल्या तीन दाबल्या की आत जातात, पोकळ वाटतात. आठ घट्ट, काळपट तपकिरी. भिजवून लावू का तशाच? आणि कुणीतरी नेलकटरनं टोक उडवायचं म्हणालं होतं, कुठलं टोक?

कळीवाली (9 डिसेंबर, रात्री 8:40)
कोंब निघतो ते टोकदार टोक सोडा. दुसऱ्या, गोल बाजूला अगदी पापुद्रा काढा, आतलं पांढरं दिसलं की थांबा. रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी कोकोपीटमध्ये अर्धा इंच खाली. थंडी आहे, रात्री घरात घ्या. आणि पोकळ तीनही लावा, दाबून बघणाऱ्याचा अंदाज चुकतो कधी कधी.

औसा_रोड (9 डिसेंबर, रात्री 8:44)
नेलकटर आईनं ठेवलाय कुठंतरी. उठवतो तिला.