'कथित', 'अवाजवी' आणि 'जाब': सीमेवरच्या गोळीबाराबद्दल लिहिताना

प्रश्न: अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या एका प्रकरणाबद्दल मराठीत लिहिते आहे. ७ जून २०१० रोजी अमेरिकेतल्या एल पासोच्या बाजूला उभ्या असलेल्या बॉर्डर पेट्रोलच्या (सीमेवर गस्त घालणाऱ्या अमेरिकी दलाच्या) एजंटने गोळी झाडली आणि पलीकडे, मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेसच्या बाजूला, १५ वर्षांचा मुलगा मेला. 'एजंटचा कथित अतिरेकी बळाचा वापर व उत्तरदायित्व' असं लिहिलंय, पण वाचवत नाही.

– 'एजंट' म्हटलं की आपल्याला विम्याचा किंवा आरटीओबाहेरचा आठवतो. 'जवान'ही नको, ते सैन्य नव्हे. 'गस्त अधिकारी' लिहा. 'अतिरेकी'चा अर्थ मराठीत आता दहशतवादी असाच घेतला जातो, म्हणून 'अवाजवी बळ'. प्रश्न वाजवी किती, हाच असतो.

– 'कथित' जपून वापरा. गोळी कथित नाही, मृत्यूही नाही. मुलं खेळत होती असं कुटुंब म्हणतं, दगडफेक चालू होती असं अमेरिकी सरकार म्हणतं. वाद तेवढाच आहे. 'कथित' त्या 'अवाजवी'ला लावा, गोळीबाराला नको. आणि 'तथाकथित' तर मुळीच नको, त्यात अविश्वास येतो.

– 'उत्तरदायित्व' चुकीचं नाही, पण शासन निर्णयात शोभतं. 'जबाबदारी'त मुळात 'जबाब' आहे, म्हणजे उत्तर. पण आता ती नेमून दिलेलं काम एवढीच उरली आहे. उत्तर मागण्याचा जोर 'जाब'मध्ये शिल्लक आहे. जाब विचारायला समोर कोणीतरी उभं असावं लागतं, देणारा आणि घेणारा दोघंही. म्हणून मी 'जाब' लिहीन.

प्रश्नकर्ती: 'जाब' पटला, आणि त्यानेच 'कथित'चाही उलगडा झाला. अमेरिकेच्या न्याय खात्याने २०१२ मध्ये फौजदारी खटला न भरण्याचं ठरवलं. त्या अधिकाऱ्याला मेक्सिकोच्या हवालीही केलं नाही. आईवडिलांनी भरपाईचा दावा लावला, तर २५ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो चालू दिला नाही. परराष्ट्र संबंध आणि राष्ट्रीय सुरक्षा गुंतलेली आहे, अशा दाव्याची वाट काढायची तर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने काढावी, असं बहुमताचं म्हणणं. बळ वाजवी होतं का, याचा पुरावा कोणत्याच खटल्यात तपासला गेला नाही. इतकी वर्षं मी 'कथित' लिहिते आहे ते त्यामुळे. आता वाक्य असं: 'गस्त अधिकाऱ्याच्या गोळीने मुलगा मेला, बळ अवाजवी होतं का, याचा जाब कोणत्याही न्यायालयात घेतला गेला नाही.'