हिरडीचं ग्राफ्टिंग केलंय का कुणी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझ्या खालच्या सुळ्यापाशी हिरडी चांगली 4 मिलिमीटर खाली सरकली आहे. दात लांबट दिसतो, मुळाचा पिवळसर भाग उघडा पडलाय आणि गार पाणी लागलं की कळ थेट कानापर्यंत जाते. दोष माझाच. वर्षानुवर्षं कडक ब्रशने भांडी घासावीत तसे दात घासले.

डॉक्टरांनी हिरडीचं ग्राफ्टिंग सुचवलंय. टाळूच्या आतला पातळ तुकडा काढून उघड्या मुळावर शिवायचा. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती, म्हणजे सगळं जागेपणीच. (सुईपेक्षा मला त्या आवाजांचीच जास्त धास्ती आहे.) टाके साधारण 1 ते 2 आठवड्यांनी काढतात. तोवर तिथे ब्रश लावायचा नाही, औषधी गुळण्या करायच्या, स्ट्रॉने काही ओढायचं नाही आणि ओठ खेचून आरशात बघत बसायचं नाही. यातलं शेवटचं मला जमेल असं वाटत नाही.

ज्यांनी करून घेतलंय त्यांनी सांगा, टाळूची जखम हिरडीपेक्षा जास्त दुखते म्हणतात, ते किती दिवस? टाळूवर प्लास्टिकची प्लेट बसवून घेतली होती का, उपयोग झाला? माझं काम दिवसभर बोलण्याचं आहे, रजा किती टाकू? आणि वर्षभरानंतर हिरडी जागेवर राहिली का? मूळ पूर्ण झाकलं जाईलच असं डॉक्टर म्हणत नाहीत, म्हणून घुटमळतोय. तारीख पुढच्या गुरुवारची आहे.