मदत हवी आहे: शिफ्ट बदलली की नेम मोडतो

नमस्कार मंडळी,

वय 41, राहायला नाशिकात पाथर्डी फाटा, नोकरी सातपूरला. दर आठवड्याला शिफ्ट बदलते: फर्स्ट 7 ते 3, सेकंड 3 ते 11, मग नाईट. जानेवारीत एचबीए1सी (रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी) 6.1 आलं. डॉक्टर म्हणाले, डायबेटिस नाही, पण उंबरठ्यावर आहात, चालायला लागा. त्याच दिवशी ठरवलं, रोज सकाळी सातला इंदिरानगरचा जॉगिंग ट्रॅक, 40 मिनिटं.

सेकंडच्या आठवड्यात झकास जमतं. फर्स्ट लागली की सातला मी मशीनपाशी. नाईटला सातला गेटबाहेर पडतो आणि बसमध्येच मान टाकतो. मग 'पुढच्या सेकंडला बघू'. आणि ती आली तरी पहिले तीन दिवस अंथरुणातून उठवत नाही.

कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी लाल पेनाने खुणा करतो. बायको म्हणते, दूधवाल्यापेक्षा तुमचेच खाडे जास्त. रविवारी एक मित्र सोबत येतो, पण त्याच्या दोन फेऱ्या झाल्या की थेट मिसळ, वर एक्स्ट्रा पाव. असो.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगराची लहान फेरी (प्रदक्षिणा), साधारण 20 किलोमीटर, पूर्ण करायची आहे. कॉलेजात असताना वडिलांबरोबर केली होती. 'रोज एकच वेळ पाळा' हा सल्ला माझ्या कामाचा नाही. फिरत्या शिफ्टमध्ये कुणी नेम टिकवलाय का? आणि दोन आठवडे खंड पडला की पुन्हा शून्यापासूनच का?

प्रतिसाद 1
अंबडला 26 वर्षं शिफ्ट केली. घड्याळ सोडा, डबा धरा. शिफ्ट कुठलीही असो, घरी आल्यावर डबा घासायला टाकताच ना? डबा मोरीत ठेवला की बसायचं नाही, तसंच बाहेर पडायचं. एकदा खुर्चीत टेकलात की संपलं. आणि नाईटला 40 मिनिटांचा हट्ट नको. एक स्टॉप आधी उतरून चालत घरी या, तेवढं मोजा.

प्रतिसाद 2
'21 दिवसांत सवय लागते' हे डोक्यातून काढा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या नव्या सवयी 12 आठवडे तपासल्या, 2010 साली छापून आलं. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस, पण कुणाला 18, तर कुणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. एखाद्या खाड्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तुमचा खाडा मात्र एखादा नाही, सलग दोन आठवड्यांचा आहे. तेव्हा फर्स्ट-नाईटला दहाच मिनिटं चाला, पण चाला.

धागाकर्ता
दोघांचे आभार. काका, डब्याची युक्ती सेकंडला चालणार नाही, रात्री पावणेबाराला गल्लीतली कुत्री मला ओळख दाखवत नाहीत! तो आठवडा सकाळी चहाचा कप ठेवला की निघेन. आज फर्स्ट होती. डबा ठेवून वळलो तर बायको म्हणाली, "काही विसरलात का कंपनीत?" 20 मिनिटं झाली.

नाईटचं अजून ठरत नाही. सुटल्यावर चालावं की रात्री निघण्याआधी? सुटल्यावर चाललो तर नंतर झोप उडते का? ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी सांगा, नाईट लागायच्या आत.