शनाया ट्वेनची ग्रेटेस्ट हिट्स: कंट्री मिक्सवाली सीडी कशी ओळखायची?

मदत हवी आहे मंडळी. कंट्री (अमेरिकेतलं गावाकडच्या ढंगाचं संगीत) गाणारी गायिका शनाया ट्वेन, तिची २००४ ची ग्रेटेस्ट हिट्स सीडी जुन्या सीडी विकणाऱ्याकडून घेतली, वाजते मस्त, पण माझ्या डोक्यात जी गाणी बसलीयेत ती ही नाहीतच. फिडल (व्हायोलिन) आणि स्टील गिटार ही कंट्री वाद्यं पार मागे ढकललीयेत आणि सगळं पॉप वाटतंय.

तिच्या गाण्यांची वेगवेगळी मिक्स (गाणं तेच, वाद्यांची मांडणी वेगळी) आहेत हे माहितीये. 'कम ऑन ओव्हर' १९९७ ला आला आणि नंतर बाहेरच्या देशांसाठी कंट्री वाद्यं कमी करून पुन्हा काढला, आणि २००२ चा 'अप!' तर लाल (पॉप), हिरवा (कंट्री), निळा असा तीन प्रकारात, त्यातला निळा आपल्याकडच्या वाद्यांच्या ढंगाचा (तो मला आवडतो, हसू नका). माझ्या सीडीवर 'पार्टी फॉर टू' मार्क मॅग्राथबरोबर आहे, बिली करिंग्टनबरोबरचं कंट्री व्हर्जन नाही, म्हणजे ही अमेरिकेबाहेरची असणार असा माझा अंदाज.

प्लेअर, स्पीकर बदलून बघितले, तो प्रॉब्लेम नाही. स्ट्रीमिंग सुचवू नका प्लीज, गाडीत फक्त सीडी चालते. वेगवेगळे अल्बम घ्यायचे नाहीत, एकाच सीडीवर सगळं हवंय, आणि सेकंडहँड चालेल.

तर ज्यांच्याकडे अमेरिकन प्रत आहे त्यांनी एवढंच सांगा, त्यात 'यू आर स्टिल द वन' आणि 'दॅट डोन्ट इम्प्रेस मी मच' मूळ कंट्री मिक्समधे आहेत का, आणि विकणाऱ्याकडून मागच्या कव्हरचा फोटो मागवला तर त्यावर नेमकं काय बघायचं?