अनुभव धागा : गोव्यात खिशाला झेपणारं गोल्फ

मांडवीकाठ :
नमस्कार मंडळी. आपल्याकडे फुटबॉलला वाड्यागणिक मैदान आणि गोल्फला गेटवर सिक्युरिटी. जे कोर्स आहेत ते हॉटेलांच्या आवारात : काणकोणला राजबागेत 9 होलचा (होल म्हणजे चेंडू घालायचा खळगा आणि तिथवरचा पट्टा), मोबोरला 12 होलचा छोटा. तरीही आपल्यातले काही जण खेळतात, आणि ते काही खाणमालक नव्हेत. कुठे खेळलात, खर्च कसा बसवलात, काय बघितलंत ते लिहा. बाहेरगावचे अनुभवही चालतील. ब्रोशरमधलं वर्णन तेवढं नको.

गालजीबागकर :
तळपण नदी ओलांडली की राजबाग, म्हणून माझी सोय झाली. हॉटेलात राहायला नसाल तर आधी फोन करा. वेळ आणि दर मोसमाप्रमाणे बदलतात. क्लबची, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्यांची, बॅग दोघांत एक चालेल का तेही विचारून ठेवा. बऱ्याच कोर्सवर प्रत्येकाकडे स्वतःची लागते. मी जुना अर्धा सेट ओएलएक्सवर घेतला, त्यामुळे भाडं सुटलं. बग्गी घेत नाही, चालतो. 9 होल झाले की घरी. 18 चा हट्ट कशाला? दुपारी कामावर जायचं असतं.

खरी मजा तिथल्या कॅडीची, म्हणजे बॅग उचलून सल्ला देणाऱ्याची. "वारें दर्यासावन येता, एक क्लब व्हडलो घे," (वारा समुद्रावरून येतोय, एक क्लब मोठा घे) इतकंच बोलायचा. पण ग्रीनवर, होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, आला की उकिडवा बसून आधी होलची कड बघायचा. जिकडची कड फाटल्यासारखी, गवत तुटकं, तिकडे गवताचा कल. चेंडूही शेवटी तिकडेच ओढ घेतो. गवत चमकत असेल तर ते आपल्यापासून लांब झुकलेलं, पट (ग्रीनवरचा हलका फटका) पळणार. काळपट दिसलं तर आपल्याकडे झुकलेलं, जोर लावायचा. होल जेमतेम सव्वाचार इंच रुंद, तेव्हा एवढा अभ्यास फुकट जात नाही. समुद्राकडे बघायला सवड मिळते ती त्याचा अभ्यास चालू असताना.

डिचोलीची सून :
माझं गोल्फ दिल्लीचं. यजमानांची बदली झाली तेव्हा आम्ही लाडो सरायजवळ राहायचो. तिथे डीडीएचा (दिल्ली विकास प्राधिकरणाचा) कुतुब गोल्फ कोर्स आहे, देशातला पहिला सार्वजनिक. 18 होल, मेंबरशिपची अट नाही, फी भरा आणि खेळा. मधेच कुतुबमिनार दिसतो. फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावर) मोर फिरत असतात आणि त्यांना 'फोर' (चेंडू येतोय, सांभाळा) ओरडून काही कळत नाही.

सुरुवात मी ड्रायव्हिंग रेंजवर केली. टोकन घेऊन बादलीभर चेंडू घ्यायचे नि मारत राहायचं. माझ्या शेजारी बँकेतले कारकून, कॉलेजची पोरं, एक निवृत्त हवालदार. साडी नेसून कुणी येत नसे, पण सलवार-कमीजला कुणी हटकलंही नाही. आमच्या गटातल्या बायकांनी मला स्टेबलफर्ड ही गुण मोजायची पद्धत शिकवली : बोगीला (ठरलेल्यापेक्षा एक फटका जास्त) 1 गुण, पारला (ठरलेले फटके) 2, बर्डीला (एक कमी) 3, आणि डबल बोगी (दोन जास्त) किंवा त्याहून वाईट असेल तर शून्य. हँडिकॅपचे (कच्च्या खेळाडूला मिळणाऱ्या सवलतीचे) फटके आधी वजा होतात. नवख्यांसाठी ही पद्धत उत्तम, कारण होल हातचा गेला की चेंडू उचलायचा आणि पुढे चालू लागायचं. मागच्यांचा खोळंबा नाही, आपला दिवसही वाया नाही.

डिचोलीत परत आल्यावर क्लब माळ्यावर आहेत. सासूबाई त्यांना 'काठ्यो' म्हणतात.

पेडणेंकार :
रसभंग करतो, माफ करा. पण गोव्यात गोल्फ म्हटलं की आमच्या तालुक्याला आधी तेरेखोल आठवतं. केरीहून फेरीबोटीनं नदीपार जायचं, तिन्ही बाजूंनी महाराष्ट्र, पाणी आणि काजूच्या बागा. तिथे गोल्फ रिसॉर्टचा बेत आला तेव्हा गावकरी, त्यात बायका पुढे, आडव्या पडल्या. कुळांची जमीन, झरे आणि काजू गेले तर राहणार काय? हिरवळ मार्च-मेमध्ये हिरवी ठेवायची तर पाणी कुठून येणार, हे कुणी विचारायला हवं. खेळाला माझा विरोध नाही. सरकारी पडीक जमिनीवर, सांडपाणी शुद्ध करून भिजवलेला, पास काढून कुणालाही जाता येईल असा 9 होलचा कोर्स असता तर मी स्वतः पोराला पाठवला असता. आपल्याकडे मात्र आधी व्हिला येतात, मग त्यांच्या दाराशी गोल्फ.

मांडवीकाठ :
पेडणेंकार, रसभंग कसला. तुमचा मुद्दा धाग्याच्या मधोमध बसतो. परवडणारं म्हणजे फक्त खेळणाऱ्याला परवडणारं नव्हे. बाकीच्यांनी अनुभव चालू ठेवा.

फोंड्याचे मास्तर :
14 क्लब ही नियमाची मर्यादा आहे, सक्ती नाही. 7 नंबरची आयर्न, पिचिंग वेज आणि पटर इतक्यावर मी पहिले काही महिने काढले. लांब फटक्याचा ड्रायव्हर नंतर. कॉलरचा टी-शर्ट ठेवा, जीन्स टाळा. पाण्यातून काढलेले जुने चेंडू घ्या. नवे कोरे लाटांना अर्पण करण्यात काय हशील? आणि हरवलेला चेंडू शोधायला 2019 पासून 3 मिनिटं आहेत, आधी 5 होती. झुडपात हात घालण्याआधी काठीने खडबडून घ्या. इथे फुरसं असतं, गंमत नाही.

कॅडीपोर :
मी सुट्टीत बॅगा उचलल्यात, म्हणून दुसरी बाजू लिहितो. बॅग जड असली तरी चालते, माणूस जड नको. आम्ही सांगितलेली लाइन न घेता पट चुकला की आमच्याकडे बघायचं नाही. टिप रोख आणि हातात द्या. कार्डावर दिलेली कधी आमच्यापर्यंत येते, कधी नाही. आणि बंकर (वाळूचा खड्डा) स्वतः रेक करून, दाताळ्यानं सारखा करून, निघा. कॅडी आहे म्हणून तुमची पावलं सोडून जायचं नसतं.

गालजीबागकर :
कॅडीपोर, बरोबर बोललास रे. मला एक विचारायचंय : पावसात चेंडू चिखलात रुतला की आम्ही उचलतो, ते नियमात बसतं ना?

फोंड्याचे मास्तर :
बसतं. फेअरवेवर असो की रफमध्ये (बाजूच्या वाढलेल्या गवतात), आपल्याच फटक्यानं केलेल्या खळग्यात रुतला असेल आणि चेंडूचा काही भाग जमिनीच्या पातळीखाली असेल तर दंड नाही. उचला, पुसा, त्या जागेच्या लगेच मागून एका क्लबच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून सोडा. बंकरच्या वाळूत रुतला तर ही सवलत नाही. चवथीनंतर पाऊस ओसरला की या, राजबागेत दाखवतो. वेळेचा फोन तेवढा तुम्ही करा, तुम्ही जवळ आहात.