टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) नॉर्मल, पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचं, कॅल्शियम वाढवणारं संप्रेरक) नॉर्मल, तरी कॅल्शियम ११.१. आता काय तपासायचं?

शुक्रतारा:
आईचं वय ५८. हाशिमोटो (थायरॉइड मंदावणारा स्वप्रतिकारक आजार) आहे, थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) ७५ मायक्रोग्रॅम चालू. चार महिन्यांत कॅल्शियम तीनदा वाढलेलं आलं: १०.८, ११.१, १०.९ (मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर; लॅबची मर्यादा ८.५ ते १०.५). अल्ब्युमिन ४.३, टीएसएच २.१, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची चाचणी) ०.८, डी जीवनसत्त्व १७, पीटीएच ४८ (मर्यादा १५ ते ६५). केसांसाठी रोज १० मि.ग्रॅ. बायोटिन आणि कॅल्शियमची एक गोळी घेते. थकवा, बद्धकोष्ठता, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं. ‘कारण सापडत नाही’ एवढंच उत्तर मिळालंय. थायरॉइडची गोळी कमी केली तर कॅल्शियम उतरेल का? आणि डी सुरू करावं का?

निंबोणी:
थायरॉइडची गोळी स्वतःहून कमी करू नका, त्याने काही साधणार नाही. थायरॉइड संप्रेरक जास्त झालं की हाडं झिजतात आणि कॅल्शियम वाढतं हे खरं, पण तेव्हा टीएसएच तळाला गेलेला असतो आणि पीटीएचही दबलेलं असतं. इथे दोन्ही तसं नाही.

मला खटकतोय तो पीटीएचचा आकडा. तो नॉर्मल मुळीच नाही. छापील मर्यादा कॅल्शियम ठीक असलेल्या माणसांसाठी असते. कॅल्शियम ११ झालं की निरोगी पॅराथायरॉइड ग्रंथी आपलं काम जवळजवळ थांबवतात आणि पीटीएच मर्यादेच्या तळाशी किंवा त्याखाली जातं. ४८ म्हणजे निदान एक तरी ग्रंथी ते ऐकत नाहीये. अल्ब्युमिनची दुरुस्ती केली (रक्तातलं काही कॅल्शियम या प्रथिनाला चिकटलेलं असतं, म्हणून) तरी चित्र तेच: ११.१ + ०.८ × (४ − ४.३) = १०.८६. म्हणून प्राथमिक हायपरपॅराथायरॉइडिझमचा (पॅराथायरॉइड ग्रंथीच जास्त पीटीएच सोडते तो आजार) संशय सर्वांत आधी. पीटीएच खरोखर खाली असतं, तर शोध वेगळ्या वाटेने गेला असता: डीचा अतिरेक, सारकॉइडोसिस (शरीरात दाहाच्या गाठी होण्याचा आजार), कर्करोग, किंवा हाशिमोटोच्या जोडीने येणारा अ‍ॅडिसनचा आजार (अधिवृक्क ग्रंथी मंदावणं; त्यासाठी सकाळी ८ चं कॉर्टिसोल).

लिथियम (मनोविकारावरचं औषध) किंवा थायझाइड गटातली लघवीची गोळी चालू आहे का? लिथियम एकट्याने थायरॉइड मंदावतं आणि कॅल्शियम-पीटीएचही वाढवतं.

प्रयोगशाळेतला:
बायोटिनकडे दुर्लक्ष नको. अनेक यंत्रांवर त्यामुळे टीएसएच आणि पीटीएच खोटे कमी दिसतात, फ्री टी४ (थायरॉइडचं संप्रेरक) खोटं जास्त. म्हणजे खरं पीटीएच ४८ हून जास्तही असू शकेल. रक्त देण्याआधी किमान ३ दिवस बायोटिन बंद, आणि लॅबला तसं सांगा.

कॅल्शियम, अल्ब्युमिन, पीटीएच एकाच वेळी काढलेल्या रक्तातून करा. आठवड्याच्या अंतराने काढलेले आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. दंडाला पट्टा फार वेळ बांधला किंवा शरीरात पाणी कमी असलं तरी एकूण कॅल्शियम वाढून दिसतं. जमल्यास आयोनाइज्ड (प्रथिनाला न चिकटलेलं, मोकळं) कॅल्शियमही करा.

मग २४ तासांची लघवी. सकाळची पहिली टाकून द्या, वेळ लिहा, त्यानंतरची प्रत्येक लघवी डब्यात, दुसऱ्या दिवशीची पहिलीही त्यातच. एकदाही राहून गेली तर नव्याने सुरुवात करा, अंदाजाने भर घालू नका. कॅल्शियम आणि क्रिएटिनिन दोन्ही मागा. गुणोत्तर असं: (लघवीतलं कॅल्शियम × रक्तातलं क्रिएटिनिन) ÷ (रक्तातलं कॅल्शियम × लघवीतलं क्रिएटिनिन), सगळे आकडे मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरमध्ये. ०.०१ च्या खाली आलं तर एफएचएचचा (कॅल्शियम चढं ठेवणारी आनुवंशिक स्थिती) संशय. त्यात शस्त्रक्रियेचा उपयोग नसतो. ०.०२ च्या वर असेल तर पॅराथायरॉइडकडेच बोट जातं.

शुक्रतारा:
लिथियम, थायझाइड दोन्ही नाही. मग आधी मानेचं स्कॅन करून घेऊ का? आणि डीचं राहिलं.

काजवा:
स्कॅन निदानासाठी नसतं, पॅराथायरॉइडची गाठ कुठे आहे हे सर्जनला दाखवण्यासाठी असतं. रक्त-लघवीवरून निदान पक्कं होण्याआधी केलं तर गोंधळच वाढतो. स्कॅन कोरं आलं म्हणून आजार नाही असंही ठरत नाही. हाशिमोटोमध्ये तर जास्तच जपायला हवं: थायरॉइडभोवती वाढलेल्या लसिकाग्रंथी सोनोग्राफीत पॅराथायरॉइडसारख्या दिसतात, आणि थायरॉइडची गाठही सेस्टामिबी स्कॅनमध्ये (पॅराथायरॉइड शोधण्याचं किरणोत्सारी औषधाचं स्कॅन) चमकते.

डी १७ आहे, ते भरून काढायला हवं. कमी डीमुळे लघवीतलं कॅल्शियम घटून वरचं गुणोत्तरही फसवं येतं. पण थोड्या रोजच्या मात्रेने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मध्ये कॅल्शियम तपासत. मोठे डोस एकदम नकोत. कॅल्शियमची गोळी थांबवण्याबद्दल आजच विचारा. जेवणातलं कॅल्शियम मात्र तोडू नका, त्याने पीटीएच आणखी चढतं. हृदय-मूत्रपिंडं ठीक असतील तर पाणी भरपूर.

हाडांची घनता (मनगटासकट) आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घ्या. मर्यादेपेक्षा १ हून जास्त कॅल्शियम, हाडांच्या घनतेचा टी-स्कोअर −२.५ किंवा खाली, मूतखडा, ईजीएफआर (मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता) ६० च्या खाली, वय ५० हून कमी: यातलं एक असलं तरी शस्त्रक्रियेचा विचार करतात.

कॅल्शियम १२ च्या वर गेलं, किंवा उलट्या, गुंगी, बरळणं सुरू झालं तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता दवाखाना गाठा. १४ च्या वर असेल तर लक्षणं नसली तरी तातडीच.

शस्त्रक्रिया झाली तर नंतर काही काळ कॅल्शियमच्या गोळ्या बहुधा देतील. थायरॉक्सिन पहाटे रिकाम्या पोटी आणि कॅल्शियम त्यानंतर किमान ४ तासांनी, नाहीतर थायरॉक्सिन शोषलं जात नाही आणि टीएसएच विनाकारण चढतो.