पाहुण्यांचे वायफाय आणि गोदामाचे कॅमेरे एकाच तारेवर : वेगळे कसे करावेत?

प्रश्न : आडतदार, सांगली

नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळद आणि बेदाण्याची आडत आहे. सौद्यासाठी येणारे शेतकरी व खरेदीदार यांच्यासाठी आम्ही वायफाय मोफत ठेवले आहे. गोदामातील पीओई स्विचवर (केबलमधूनच वीजही पुरवणाऱ्या जोडपेटीवर) सहा कॅमेरे आणि या मोफत वायफायचा अॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारे उपकरण) जोडलेला असून, तेथून एकच केबल पेढीतील फायबरच्या राउटरला येते. रेकॉर्डर आणि बिलिंगचा संगणकही त्याच राउटरवर आहेत. परवा एका खरेदीदाराने मोबाईलवर नेटवर्कमधील उपकरणांची यादी उघडली, तेव्हा तिच्यात आमचा रेकॉर्डर दिसला आणि त्याच्या पत्त्यावर बोट ठेवताच लॉगिनचे पान समोर आले. कॅमेऱ्यांना वेगळ्या मालिकेतील आयपी पत्ते दिले की पुरे, असे कॅमेरे बसवणाऱ्यांचे म्हणणे आहे. खरोखर तेवढ्याने भागेल का?

उत्तर १ : नेटवर्क तंत्रज्ञ, मिरज

नाही, तेवढ्याने भागणार नाही. पत्त्यांची मालिका बदलली तरी स्विच एकच राहतो, आणि ज्याला कॅमेऱ्यांपर्यंत पोहोचायचे आहे तो आपल्या लॅपटॉपला त्याच मालिकेतील पत्ता हाताने देऊन पोहोचू शकतो. वेगळेपण स्विचमध्येच झाले पाहिजे आणि त्यासाठी ८०२.१क्यू या मानकाचे व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर क्रमांकाने वेगळी केलेली आभासी नेटवर्क, वापरतात. आपल्याकडे गोदामापासून पेढीपर्यंत एकच केबल असल्याने हाच मार्ग मला योग्य वाटतो. गोदामात व्हीलॅन समजणारा पीओई स्विच बसवावा आणि कॅमेऱ्यांचे पोर्ट, समजा, व्हीलॅन २० मध्ये, तर पाहुण्यांचे वायफाय ३० मध्ये ठेवावे. पेढीकडे जाणारा पोर्ट ट्रंक करावा, म्हणजे दोन्हींची वाहतूक आपापल्या क्रमांकाच्या खुणेसह एकाच तारेतून जाईल. पेढीत तसाच दुसरा लहान स्विच लागेल आणि राउटरही व्हीलॅन ओळखणारा हवा. इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये ही सोय बहुधा मिळत नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. व्हीलॅन केले तरी अनेक राउटर त्यांच्यामधली वाहतूक आपणहून पलीकडे पोहोचवत राहतात, म्हणून पाहुण्यांकडून कॅमेरे, रेकॉर्डर व बिलिंगकडे जाणारी वाट बंद करणारा नियम राउटरच्या फायरवॉलमध्ये (कोणती वाहतूक जाऊ द्यायची हे ठरवणाऱ्या भागात) स्वतंत्रपणे लिहावाच लागतो. कॅमेऱ्यांना थेट इंटरनेटही देऊ नये. मोबाईलवर चित्रण पाहण्यापुरते रेकॉर्डरला दिले की काम होते, आणि कॅमेऱ्यांना घड्याळाची वेळ रेकॉर्डरकडूनच मिळू शकते.

उत्तर २ : लॉजचालक, सातारा

व्हीलॅनची मांडणी सांभाळणारा माणूस हाताशी नसेल, तर गोदामापासून पेढीपर्यंत दुसरी केबल ओढून घ्यावी, असे मी सुचवेन. अंतर १०० मीटरच्या आत असेल तर साधी कॅट ६ पुरते. आमच्याकडे कॅमेऱ्यांचा स्विच त्याच्या स्वतःच्या केबलने रेकॉर्डरच्या कॅमेऱ्यांसाठीच्या पोर्टला जोडला आहे, त्यामुळे कॅमेऱ्यांचा राउटरशी संबंधच उरलेला नाही. सहा कॅमेरे प्रत्येकी ४ एमबीपीएस धरले तरी एकूण २४ होतात आणि १०० एमबीपीएसच्या पोर्टला ते जड नाहीत. उद्या माणूस बदलला, तरी कोणती तार कुठे जाते हे त्याला डोळ्यांनी दिसते.

उत्तर ३ : नेटवर्क तंत्रज्ञ, मिरज

सातारकरांची सूचना कॅमेऱ्यांपुरती उत्तम आहे. परंतु रेकॉर्डरचा दुसरा पोर्ट राउटरलाच राहतो, आणि पाहुण्यांचे वायफायही त्याच राउटरवर आले तर प्रश्नात सांगितलेले लॉगिनचे पान पुन्हा दिसेल. दुसरी केबल ओढली तरी पाहुण्यांचा अॅक्सेस पॉइंट राउटरच्या वेगळ्या, आतल्या नेटवर्कपासून अडवलेल्या पोर्टवरच हवा. उपकरणातील ‘गेस्ट नेटवर्क’ची खूण केली म्हणून निर्धास्त राहू नये, कारण घरगुती वापराची कित्येक उपकरणे अॅक्सेस पॉइंट म्हणून चालवली की ती सोय पाहुण्यांना आतल्या नेटवर्कपासून अडवत नाही.

रेकॉर्डरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड आजच बदलावा, राउटरमधील यूपीएनपी (उपकरणांना बाहेरची वाट आपोआप उघडू देणारी सोय) बंद करावे आणि रेकॉर्डरसाठी पोर्ट फॉरवर्डिंग (इंटरनेटवरून थेट आत येण्याची वाट) केले असेल तर तेही काढावे. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातील असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, ते मूळचे पासवर्ड तसेच राहिल्यामुळे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. गोदामाकडे जाणारी केबलची नळी अरुंद असल्याने दुसरी केबल जाणार नाही, त्यामुळे व्हीलॅनचाच मार्ग धरतो. काम नीट झाले की नाही हे कसे पडताळावे?

उत्तर ४ : नेटवर्क तंत्रज्ञ, मिरज

पाहुण्यांच्या वायफायला लॅपटॉप जोडून रेकॉर्डरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकावा, मग प्रत्येक कॅमेऱ्याच्या पत्त्यावर ५५४ हा पोर्ट (येथे तारेची जागा नव्हे, तर नेटवर्कवरील सेवेचा क्रमांक) उघडतो का ते पाहावे, कारण थेट चित्रण सहसा त्याच पोर्टवरून मिळते. बिलिंगच्या संगणकाचीही अशीच चाचणी घ्यावी. केवळ पिंगला (उपकरण प्रतिसाद देते का हे पाहणाऱ्या साध्या हाकेला) उत्तर आले नाही म्हणून समाधान मानू नये. पिंग अडवलेले असूनही पोर्ट उघडा असू शकतो. राउटरचे फर्मवेअर (त्याचे आतले सॉफ्टवेअर) बदलल्यावर किंवा तो रीसेट झाल्यावर हीच तपासणी पुन्हा करावी.